स्थलांतराच्या अभ्यासात करिअर: विषय ठरवण्याआधी मोजमाप पाहा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: समाजशास्त्रात एम.ए. झालं आहे. स्थलांतरावर पीएच.डी. करून पुढे विद्यापीठात किंवा संशोधन संस्थेत राहायचं आहे. लोकसंख्याशास्त्राच्या विभागात प्रवेश घ्यावा की स्थलांतर अभ्यासाच्या केंद्रात? गणित दहावीनंतर सुटलं आहे, तर झेपेल का? आणि ‘हवामानबदल आणि स्थलांतर’ हा विषय चालेल का?

प्रश्न तीन दिसत असले तरी अडलंय एकाच ठिकाणी. स्थलांतराबद्दल नेमकं काय मोजायचं आहे आणि ते कोणत्या आकड्यांत सापडतं, हे अजून ठरलेलं नाही. ते ठरलं की विभाग, गणित आणि विषय यांची उत्तरं बरीचशी आपोआप मिळतात. म्हणून सुरुवात तिथून करतो.

लोकसंख्या बदलते ती जन्म, मृत्यू आणि स्थलांतर या तीन गोष्टींनी. पहिल्या दोन घटना निश्चित आहेत. त्यांना तारीख असते, बहुतेक देशांत दाखला असतो, आणि मरण एकदाच येतं. स्थलांतराला यातलं काहीच नाही. एकच माणूस दहा वेळा हलू शकतो, परत येऊ शकतो, आणि तो ‘हलला’ की नाही हे कोणती सीमा आणि किती मुदत धरली यावर ठरतं. संयुक्त राष्ट्रांच्या १९९८ च्या शिफारशींनुसार नेहमीच्या राहण्याचा देश सोडून किमान १२ महिने दुसरीकडे राहणारा तो दीर्घकालीन स्थलांतरित, आणि ३ ते १२ महिने राहणारा अल्पकालीन. भारताच्या राष्ट्रीय नमुना पाहणीत २००७-०८ च्या फेरीत नेहमीचं निवासस्थान ६ महिन्यांच्या निकषावर ठरवलं होतं, आणि कामासाठी ३० दिवस ते ६ महिन्यांपर्यंत बाहेर राहिलेल्यांची नोंद वेगळी होती. म्हणजे त्याच माणसाचं वर्गीकरण पाहणीगणिक बदलतं. ‘स्थलांतर वाढलं’ असं वाक्य वाचलं की आधी दोन्ही वर्षांची व्याख्या शेजारी ठेवून बघायची, हा या क्षेत्रातला पहिला संस्कार.

मोजमाप किती नाजूक असतं ते एका हिशोबात पाहा. एका प्रदेशाची जनगणनेतली लोकसंख्या १०,००,००० होती, दहा वर्षांनी ११,५०,००० झाली. मधल्या काळात २,२०,००० जन्म आणि ८०,००० मृत्यू नोंदले गेले. नैसर्गिक वाढ १,४०,०००, प्रत्यक्ष वाढ १,५०,०००, म्हणून निव्वळ स्थलांतर अधिक १०,०००. आता समजा, पहिल्या गणनेत दीड टक्का माणसं मोजायची राहून गेली होती आणि दुसरी गणना पूर्ण होती. मग सुरुवातीची खरी लोकसंख्या १०,१५,२२८ होते, वाढ १,३४,७७२ वर येते आणि निव्वळ स्थलांतर उणे ५,२२८! जिथे ‘लोक येत आहेत’ असा निष्कर्ष काढला होता तिथून लोक जात असल्याचं निघालं. दीड टक्का गळती म्हणजे काही अनर्थ नव्हे, चांगल्या गणनांतही तेवढी होते. पण वजाबाकीने काढलेल्या आकड्यात बाकीच्या सगळ्या चुका येऊन साठतात, आणि वयोगटवार हिशोब केला तर लहान मुलं आणि विशीतले तरुण यांच्या गटांत त्या चुका सर्वांत जास्त असतात, कारण गणनेतून तेच जास्त सुटतात.

प्रश्न कसा विचारला यावरही सगळं अवलंबून असतं. जन्मस्थान विचारलं तर जाऊन परत आलेला माणूस ‘कधी हललाच नाही’ असा दिसतो. मागचं निवासस्थान विचारलं तर त्याआधीचे मुक्काम हरवतात. ‘पाच वर्षांपूर्वी कुठे होता’ विचारलं तर मधल्या हालचाली जातात आणि पाचच्या खालची मुलं हिशोबातच येत नाहीत. अमेरिकेच्या जनगणनेच्या लांब प्रश्नावलीत २००० पर्यंत पाच वर्षांपूर्वीचं ठिकाण विचारत. त्यांची वार्षिक पाहणी एका वर्षापूर्वीचं विचारते. एका वर्षाच्या दराला पाचाने गुणून पाच वर्षांचा दर मिळत नाही, कारण तीच माणसं पुन्हा हलतात, काही परततात. गुणाकार नेहमी जास्त येतो. असा गुणाकार करून तुलना केलेले प्रबंध अजूनही दिसतात.

आणखी एक. ‘स्थलांतरित’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर कामासाठी निघालेला पुरुष येतो. भारताच्या २०११ च्या जनगणनेत मागच्या निवासस्थानानुसार ४५ कोटींहून अधिक स्थलांतरित होते आणि त्यांत दोन तृतीयांशांहून जास्त स्त्रिया, बहुतेक लग्नामुळे गाव बदललेल्या. हा एकूण आकडा घेऊन श्रमबाजारावर बोलायला गेलं की पहिलाच परीक्षक अडवतो.

आता विभाग. इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे. ‘स्थलांतरितांना आपलेपणा कुठे वाटतो’, ‘कागदपत्रं नसलेल्यांशी यंत्रणा कशी वागते’ असे तुमचे प्रश्न असतील तर स्थलांतर अभ्यास केंद्र बरं. तिथे कायदा, मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र एका छताखाली असतं. ‘कोण जातं, कोणत्या वयात, परत येतं का, गेल्यावर मुलं किती होतात, किती जगतात’ असे असतील तर लोकसंख्याशास्त्र. दोन्ही मोहवत असतील तर माझा कल स्पष्टपणे लोकसंख्याशास्त्राकडे आहे. कारण व्यावहारिक आहे. रॅव्हनस्टाइनने १८८५ मध्ये मांडलेले नियम, ली यांची १९६६ ची मांडणी, झेलिन्स्कींचं १९७१ चं गतिशीलता-संक्रमण, डी हास यांची आकांक्षा आणि क्षमतांची चौकट हे स्थलांतराचे सिद्धांत एकट्याने वाचून समजतात, आणि समाजशास्त्र झालेल्याला तर लवकरच. लेक्सिस आकृती (वय आणि काळ एकत्र दाखवणारा आलेख) आणि जीवनसारणी (कोणत्या वयात किती जण मरतात आणि किती उरतात याचा तक्ता) मात्र कुणीतरी बाजूला बसून चुका दाखवल्याशिवाय अंगात मुरत नाहीत. (ढकलणारे आणि ओढणारे घटक एवढ्यावरच सैद्धांतिक प्रकरण उरकू नका. त्याने यादी होते, पण त्याच गावातला शेजारी का गेला नाही याचं उत्तर मिळत नाही.)

संस्थांची नावं तुम्हाला सापडतीलच: मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, तिरुवनंतपुरमचं विकास अध्ययन केंद्र, पॅरिसजवळची इनेड (फ्रान्सची लोकसंख्या अभ्यास संस्था), रॉस्टॉकची माक्स प्लांक लोकसंख्या संशोधन संस्था, प्रिन्स्टनचं लोकसंख्या संशोधन कार्यालय. युरोपियन डॉक्टरल स्कूल ऑफ डेमोग्राफी हा सुमारे वर्षभराचा सघन अभ्यासक्रमही पाहून ठेवा. पण नावापेक्षा मार्गदर्शक बघा, आणि त्यांच्याबद्दल दोनच गोष्टी तपासा: गेल्या पाच वर्षांत त्यांच्या विद्यार्थ्यांनी पहिलं नाव स्वतःचं असलेले लेख छापले का, आणि मार्गदर्शकाच्या हाती अशी कोणती माहिती आहे जी तुम्हाला एरवी मिळणार नाही. डेन्मार्क किंवा स्वीडनच्या लोकसंख्या नोंदवहीला हात लावायचा तर मान्यताप्राप्त संस्थेमार्फत सुरक्षित सर्व्हरवरूनच काम करावं लागतं, आणि परवानगीला महिने जातात. पीएच.डी.च्या मध्यावर अर्ज करून उपयोग नसतो.

गणिताबद्दल. लॉगरिदम, घातांकी वाढ, संभाव्यतेचे मूळ नियम, थोडं मॅट्रिक्स आणि प्रतिगमन (एक गोष्ट दुसरीबरोबर किती बदलते हे काढण्याची पद्धत), एवढ्यावर चांगली पीएच.डी. होते. बारावीपर्यंतचं गणित चार-सहा महिने नेटाने शिकलं तर पुरतं. खरी अडचण वेगळ्याच ठिकाणी येते: छेदात कोण आहे, हे न विचारता भागाकार करण्याची सवय. त्यासाठी शिकण्याचा क्रम असा ठेवा. आधी दर आणि संभाव्यता यांतला फरक. पाच वर्षांच्या वयोगटात मृत्युदर वर्षाला ०.०२ असेल तर त्या पाच वर्षांत मरण्याची संभाव्यता ०.१० येत नाही. मेलेली माणसं सरासरी अडीच वर्षं जगली असं धरलं तर ०.१० भागिले १.०५, म्हणजे ०.०९५ येते. मग एक अख्खी जीवनसारणी स्प्रेडशीटमध्ये स्वतः सूत्रं घालून करा, तयार पॅकेज न वापरता. मग वयाचं प्रमाणीकरण (दोन्ही गटांची वयरचना सारखी धरून तुलना), कारण स्थलांतरितांचं वय मूळच्या लोकांपेक्षा वेगळं असतं आणि निम्मे ‘फरक’ त्यातच विरून जातात. मग लॉजिट (हो-नाही अशा उत्तरांसाठीचं प्रतिगमन), आणि त्याच्या पाठोपाठ घटना-इतिहास विश्लेषण: प्रत्येक माणसाच्या प्रत्येक वर्षाची एक ओळ, आणि त्या वर्षी तो हलला की नाही. बहुस्तरीय आणि बेजीय अशा पुढच्या सांख्यिकी पद्धतींची घाई नको.

आर किंवा स्टाटा या सांख्यिकी सॉफ्टवेअरपैकी कोणतंही एक चांगलं शिका. आरमध्ये स्थलांतराच्या अंदाजांसाठी ‘मायजेस्ट’ आणि वयाच्या आकड्यांची छाननी व दुरुस्ती करण्यासाठी ‘डेमोटूल्स’ ही पॅकेजं तयार आहेत. मूळ फाइल उघडण्यापासून शेवटच्या तक्त्यापर्यंत सगळं एका दमात चालेल अशी स्क्रिप्ट हवी. मध्ये कुठेही हाताने कॉपी-पेस्ट नको. दीड वर्षाने परीक्षकाचं पत्र येतं तेव्हा तो मधला हातचा टप्पा कुणालाच आठवत नसतो.

कोडबुक (पाहणीतल्या संकेतांचा अर्थ सांगणारी पुस्तिका) न वाचता काम केलं तर काय होतं, त्याचा एक नमुना. बहुतेक विद्यार्थी सुरुवात डीएचएस (अनेक देशांतल्या लोकसंख्या आणि आरोग्य) पाहण्यांनी करतात. भारताची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी त्याच कुटुंबातली. त्यात ‘या ठिकाणी किती वर्षं राहता’ हे व्ही-१०४ या चलात असतं. ९५ म्हणजे जन्मापासून इथेच, ९६ म्हणजे पाहुणी. हे न काढता सरासरी घेतली की १५ ते ४९ वयाच्या बायका सरासरी पन्नास वर्षं इथे राहतात असा चमत्कार निघतो. तो निदान दिसतो तरी. ९६ ला मुकाट्याने ‘जुनी रहिवासी’ गटात टाकलं तर चूक दिसतच नाही. त्याच फाइलमधला भारांक (नमुन्यातल्या प्रत्येकीला दिलेलं वजन) व्ही-००५ दहा लाखाने भागून वापरायचा असतो, आणि नमुना समूहांतून घेतलेला असल्यामुळे प्रमाणत्रुटी (अंदाज किती डळमळीत आहे त्याचं माप) काढताना समूह आणि स्तर सांगावे लागतात. नाहीतर त्रुटी खोटी लहान येते आणि सगळंच ‘लक्षणीय’ ठरतं. राहण्याची वर्षं आणि वयं दोन्ही ५ आणि १० वर गोळा होतात, म्हणून कामाच्या पहिल्या आठवड्यातच व्हिपल निर्देशांक (वयं ० आणि ५ ने संपणाऱ्या आकड्यांवर किती गोळा होतात त्याचं माप) काढा. १०० म्हणजे गोळा होणं अजिबात नाही, ५०० म्हणजे प्रत्येकाने ० किंवा ५ ने संपणारं वय सांगितलं, आणि १७५ च्या वर माहिती फार ढोबळ मानतात. त्या पाहणीत एकेका वर्षाच्या वयावर आधारलेला निष्कर्ष मांडूच नये.

स्थलांतरितांच्या बाबतीत तीन सापळे खास आहेत, आणि तिन्ही सभ्य दिसतात. पहिला जननाचा. पुष्कळ स्त्रिया देश बदलेपर्यंत मूल लांबवतात आणि पोहोचल्यावर लगेच मूल होतं. त्या वर्षांचे वयवार दर बेरजेला घेतले की एकूण जननदर (एका स्त्रीला आयुष्यात सरासरी किती मुलं होतील याचा अंदाज) फुगतो. त्याच स्त्रियांची आयुष्यभराची मुलं मोजली तर आकडा बराच खाली येतो. उपाय म्हणजे येण्याआधीची वर्षंही हिशोबात घेणं. दुसरा आरोग्याचा. स्थलांतरित कमी मरतात असं पुष्कळ देशांत दिसतं. त्यात धडधाकट माणसंच निघतात हे खरं, आजारी पडल्यावर काही मायदेशी परततात हेही खरं. पण तिसरा सापळा यातच लपलेला असतो: देश सोडताना नोंदवहीतून नाव काढून न घेतलेली माणसं. ती कागदोपत्री राहतात, छेदात मोजली जातात आणि तिथे कधीच मरत नाहीत. त्यामुळे मृत्युदर आपोआप खाली येतो. म्हणून नोंदवह्यांवर काम करताना उत्पन्न, कर, दवाखाना यांपैकी कुठलीच खूण दोन-तीन वर्षं न दिसलेली माणसं वगळून पुन्हा एकदा तोच हिशोब करायचा आणि फरक लेखात छापायचा.

दोन देशांच्या आकड्यांतही हेच. पोलंडमधून जर्मनीत किती गेले, हे दोघांना विचारलं तर जर्मनीचा आकडा कित्येक पट मोठा येतो. तिथे राहायला आलं की नोंद करावी लागते. पोलंडने मात्र कायमचं सोडून गेलेलेच मोजले. आल्याची नोंद गेल्याच्या नोंदीपेक्षा सहसा भरवशाची, हा सर्वसाधारण नियम लक्षात ठेवा. आणि साठा (एका वेळी तिथे असलेले) आणि प्रवाह (ठरावीक काळात आलेले किंवा गेलेले) यांची गल्लत करू नका. २०२४ मध्ये जगात ३०.४ कोटी आंतरराष्ट्रीय स्थलांतरित होते, लोकसंख्येच्या ३.७ टक्के, हा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज साठ्याचा आहे. त्यातला कुणी चाळीस वर्षांपूर्वी आलेला असेल. दोन वर्षांचे साठे वजा करून ‘एवढे नवे आले’ म्हणणं चूक, कारण मधले मृत्यू आणि परतणारे त्यात दडलेले असतात.

‘हवामानबदल आणि स्थलांतर’ हा विषय चालेल, पण या रूपात नाही. पाऊस, तापमान, पूर, समुद्राची पातळी एकीकडे आणि सगळ्या प्रकारची हालचाल दुसरीकडे, असा प्रबंध कधीच पुरा होत नाही. शिवाय बहुतेक पाहण्या माणसाला पोहोचल्यावर भेटतात. पाऊस पडला नाही तो मूळ गावी, आणि ते गाव कोणतं हे फाइलमध्ये बहुधा नसतंच. डीएचएसमध्ये समूहांचे अक्षांश-रेखांश मिळतात, पण ओळख लपवण्यासाठी ते मुद्दाम सरकवलेले असतात: शहरी समूह २ किलोमीटरपर्यंत, ग्रामीण ५ पर्यंत, आणि ग्रामीणांपैकी १ टक्का १० पर्यंत. पावसाच्या मोठ्या चौकटींसाठी हे खपतं. नदीच्या पूररेषेच्या आत की बाहेर हे ठरवायला बिलकुल नाही. आणि ज्यांना जायचं असूनही जाता आलं नाही ते स्थलांतराच्या फाइलमध्ये येतच नाहीत, तेव्हा तुलनेसाठी मागे राहिलेली कुटुंबं हवीतच.

तो विषय वापरण्याजोगा करायचा तर तीन गोष्टी पक्क्या करा. एक धोका, उदाहरणार्थ पेरणीच्या महिन्यांत सरासरीपेक्षा कमी पडलेला पाऊस. एक हालचाल, उदाहरणार्थ ३० दिवस ते ६ महिन्यांची कामासाठीची. आणि एक मुदत, म्हणजे त्या हंगामानंतरचे १२ महिने. मग अशी तिन्ही माहिती कुठल्या पाहणीत आहे ते शोधा. नसेल, तर प्रश्न बदला किंवा स्वतः माहिती गोळा करा.

स्वतः गोळा करण्याचे चांगले नमुने आहेत. १९८२ मध्ये सुरू झालेल्या मेक्सिकन मायग्रेशन प्रोजेक्टमध्ये प्रत्येक वस्तीत साधारण २०० घरं घेतात आणि मुलाखती हिवाळ्यात करतात, कारण बाहेर गेलेले तेव्हा घरी येतात. केरळची स्थलांतर पाहणी १९९८ पासून दर काही वर्षांनी होते आणि घरच्यांना बाहेर गेलेल्यांबद्दल विचारते. या पद्धतीची कमजोरी माहीत हवी: अख्खं घरच कुलूप लावून गेलं असेल तर सांगायला कुणी उरत नाही, आणि घरच्यांना पगार, मुक्काम याबद्दल अंदाजच असतो. तारखा आठवाव्या म्हणून कोरी प्रश्नावली देऊ नका. लग्न, मुलांचे जन्म, शाळा, नोकऱ्या अशा ओळी आखलेला जीवनपट वर्षवार भरून घ्या, मुक्काम त्याच्या आधाराने आठवतात. कागदपत्रं नसलेल्यांची मुलाखत असेल तर नाव, मालक आणि नेमका पत्ता लिहूनच घेऊ नका. जे लिहिलं नाही ते कुणी मागू शकत नाही. नैतिकता समितीला तीन ते सहा महिने धरा.

फेसबुकच्या जाहिरात-व्यवस्थेतून किंवा फोनच्या नोंदींतून स्थलांतराचे अंदाज काढण्याचं काम २०१७ च्या आसपासपासून जोरात आहे. आकर्षक आहे, पण परदेशी राहणारा कोण ही व्याख्या कंपनीच्या हातात असते आणि ती न सांगता बदलते. दुसऱ्या प्रकरणासाठी ठीक, सगळा प्रबंध त्यावर टांगू नका. तसंच कुठल्याही एका निधीवर चालणाऱ्या पाहणीवरही टांगू नका. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकी निधी थांबला तेव्हा डीएचएसचं काम एकदम अडकलं आणि पुष्कळांच्या परवानग्या लटकल्या.

नोकरीबद्दल उगाच गोड बोलत नाही. निव्वळ लोकसंख्याशास्त्राच्या कायम जागा जगभर थोड्या आहेत. जाहिराती बहुधा समाजशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र किंवा सार्वजनिक आरोग्याच्या नावाने निघतात. म्हणून समाजशास्त्र सोडू नका, त्या विषयाचा एखादा पेपर शिकवण्याचा अनुभव ठेवा. मधली चार-सहा वर्षं दोन-तीन वर्षांच्या करारांची असतात आणि शहर किंवा देश बदलावा लागतो. ज्यांना ते घरच्या कारणाने जमणार नाही त्यांनी सांख्यिकी कार्यालयं, संयुक्त राष्ट्रांच्या संस्था, निवृत्तिवेतन आणि शहर नियोजन इकडे पहिल्यापासून लक्ष ठेवावं. तिथे लोकसंख्येचे अंदाज करता येणाऱ्याला मागणी असते.

प्रबंध तीन लेखांचा करता येत असेल तर तसाच करा. पहिला वर्णनात्मक ठेवा: व्याख्या, माहितीची प्रत, वयाचे वक्र. तरुणांना हे किरकोळ वाटतं, पण उद्धृत होतात ते असेच लेख. ‘डेमोग्राफिक रिसर्च’ हे १९९९ पासूनचं खुलं नियतकालिक अशा लेखांना जागा देतं. अमेरिकेच्या लोकसंख्या संघटनेचं अधिवेशन वसंतात असतं आणि त्यासाठी २ ते ४ पानी विस्तृत सारांश आदल्या शरदात द्यावा लागतो. म्हणजे आकडे सहा-सात महिने आधी तयार हवेत. युरोपियन परिषद दर दोन वर्षांनी, आंतरराष्ट्रीय लोकसंख्या परिषद दर चार वर्षांनी. तारखा पाहून उलटं नियोजन करा.

आणि प्रवेशाआधी मार्गदर्शकाला पत्र लिहाल तेव्हा जीवनचरित्र आणि ‘मला लहानपणापासून’ हे दोन्ही टाळा. अर्धं पान पुरे: प्रश्न एका वाक्यात, कोणत्या पाहणीतून उत्तर काढणार, तिथली स्थलांतराची व्याख्या काय आणि त्यातून कोण सुटतं. सोबत त्याच पाहणीतून तुम्ही स्वतः काढलेला एक तक्ता जोडा, वय आणि लिंगानुसार स्थलांतरितांचं प्रमाण, खाली नमुन्याची संख्या आणि भारांक वापरला की नाही हे लिहून. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदाच आठवण करा, आणि तोवर पुढच्या मार्गदर्शकाचं पत्र तयार ठेवा.